हिस्टिडीनवरचा प्रोटॉन

हैदराबाद,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय शुभदा,

सप्रेम नमस्कार.

गणपतीपासून तुझे दोन निरोप येऊन पडले आहेत आणि मी एकालाही उत्तर दिलेले नाही, त्याची शिक्षा म्हणून हे लांबलचक पत्र तुलाच वाचावे लागणार आहे. प्रकृतीचे विचारशील, तर रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नीट पार पडले, एवढ्यावर भागव.

गेल्या आठवड्यात, ७ तारखेच्या शुक्रवारी, मी लातूरकडच्या औशाच्या, आपल्या ओळखीच्या त्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीत नापास केले. घरी सांगितले, तर हे म्हणाले, "पुढच्या वेळी होईल." त्यामुळे आता तुला सांगते आहे.

जागा एकच होती. आमच्या कंपनीत प्रत्यक्ष बेंचवर, म्हणजे प्रयोगशाळेत, औषधाचे रेणू बनवणारे चारशेच्या वर आहेत आणि त्या रेणूंची गणिते करणारे आम्ही संगणकवाले सहा. मागच्या वर्षापर्यंत आठ होतो. जे दोघे गेले त्यांच्या जागी एकच माणूस घ्यायचा ठरला, आणि जाहिरातीत 'कॉम्प्युटेशनल केमिस्ट' ऐवजी 'डेटा सायंटिस्ट' असे छापून आले. मुलाखतीला एचआरच्या बाई, मी आणि आमचा नवा प्रमुख असे तिघे होतो. हा प्रमुख एकतीस वर्षांचा, संगणकशास्त्रातला, खरोखर बुद्धिमान आणि वागायला सभ्य आहे. पहिल्या आठवड्यात त्याला कायरल म्हणजे काय, रेणूही उजवे-डावे कसे असतात, हे मी दारातल्या चपलांचा जोड दाखवून समजावले होते, आणि दुसऱ्या दिवशी तो त्या विषयावरचे एक अख्खे प्रकरण वाचून आला. तेव्हा त्याला खलनायक करू नकोस. मला ठाऊक आहे, तुझी लेखणी तिकडे लगेच वळेल.

मुलाखतीत मी नेहमी एक चित्र पडद्यावर लावते. चालू प्रकल्पातल्या प्रथिनाची सक्रिय जागा, म्हणजे औषध जिथे बसते तो खळगा, नावगाव झाकलेले, आणि प्रश्न एवढाच की काय दिसते. उमेदवार बहुधा हायड्रोजन बंध मोजून दाखवतात. हा मुलगा दीड-दोन मिनिटे गप्प बसला. मग त्याने चित्र जरा डावीकडे फिरवायला सांगितले, रचनेचे रिझोल्यूशन, म्हणजे ती किती बारकाईने दिसते ते, विचारले, मी २.३ अँगस्ट्रॉम म्हणून सांगितले, आणि त्यावर तो म्हणाला, "मॅडम, हा हिस्टिडीन चुकला आहे. प्रोटॉन या नायट्रोजनवर धरला, तर पलीकडच्या ॲस्पार्टेटशी बंध कोण करणार?"

शुभदा, हिस्टिडीन, ॲस्पार्टेट ही प्रथिनातली अमिनो आम्ले आणि प्रोटॉन म्हणजे इथे हायड्रोजनच, हे तुला समजावून सांगायला नको. त्या रिझोल्यूशनला क्ष-किरणांना हायड्रोजन दिसत नाहीत. हिस्टिडीनच्या दोन नायट्रोजनांपैकी कोणावर प्रोटॉन ठेवायचा, हे शेजारपाजार बघून आपणच ठरवायचे असते. प्रोग्रामने तो बरोबर ॲस्पार्टेटच्या बाजूला ठेवला होता. जूनमध्ये एका जुन्या रचनेवर विसंबून, संध्याकाळची बस गाठायच्या घाईत, मी तो हाताने उलट्या बाजूला नेला होता. म्हणजे औषधाच्या रेणूला जिथे मोकळे इलेक्ट्रॉन भेटायला हवे होते, तिथे आम्ही एक हायड्रोजन उभा केला. साहजिकच त्या जागी हायड्रोजनशी बंध करणारा कार्बोनिल असलेले रेणू आमच्या बारा जणांच्या यादीत वर गेले आणि स्वतःचा हायड्रोजन पुढे करणारा एन-एच असलेले तळाला गेले. बेंचवरच्या लोकांनी सहा आठवडे खपून वरचे पाच बनवले. चार निकामी निघाले. आढावा बैठकीत मी 'मॉडेलच्या मर्यादा' या विषयावर दहा मिनिटे बोलले, आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

त्याच शनिवारी प्रोटॉन जागेवर आणून मी बाराही रेणूंची मुक्त ऊर्जेची, म्हणजे कोण प्रथिनाला किती घट्ट बसतो याची, गणिते पुन्हा लावली. सोमवारी सकाळी नवव्या क्रमांकाचा रेणू दुसरा आला होता. फरक दोन किलोकॅलरींच्या आसपासचा. अनिकेत कँटीनमध्ये तू चहाच्या कपावर बोट आपटून म्हणायचीस, "१.४ किलोकॅलरी चुकलीस की दहापट चुकलीस, आणि तुम्ही तर पाच किलोकॅलरींच्या चुकीला अचूक म्हणता!" ते वाक्य मला त्या सोमवारी तुझ्या आवाजासकट ऐकू आले.

आता तू विचारशील की असा मुलगा समोर असताना मी त्याला घेतले का नाही. प्रमुखाने त्याला न्यूरल नेटवर्क कसे घडवतोस, शिकवायच्या आणि तपासायच्या माहितीची सरमिसळ कशी टाळतोस, असे रीतसर प्रश्न विचारले. हा म्हणाला, "सर, मी ती वापरली आहेत, स्वतः घडवलेली नाहीत." खरे तेच बोलला. त्याच्यानंतर आलेली मुलगी कोडिंगमध्ये फारच तयार होती. गुणपत्रिकेत पाच रकाने, त्यांतले चार कोडचे. माझ्या रकान्यात मी त्याला पैकीच्या पैकी दिले आणि खाली 'शिफारस' या शब्दापुढे 'नाही' असे लिहिले. जागेची व्याख्याच वेगळी होती, हे कारण खरे आहे. ते मी एचआरला सांगितले आणि स्वतःलाही आठवडाभर सांगते आहे.

तुझे-माझे २०१७ चे भांडण आठव. विद्यापीठातली ती मे महिन्यातली कार्यशाळा, आणि हा मुलगा बँकेच्या परीक्षेचे पुस्तक बगलेत धरून आपल्याला विचारायला आलेला. मी त्याला सांगितले की प्रोग्राम बदलतात, हॅमिल्टोनियन, म्हणजे रेणूच्या ऊर्जेचे मूळ गणित, बदलत नाही; सिद्धान्त पक्का कर, काम मागे लागेल. तू माझ्यासमोरच त्याला म्हणालीस, "बाळ, हिला विचार की या विषयाच्या नोकऱ्या हैदराबादेत किती आणि पुण्यात किती, आणि आकडा बोटांवर मावला तर बँकेत जा." मला त्या दिवशी तुझा फार राग आला होता. कॉलेजात जाऊन तू कडवट झाली आहेस, असे मी परतीच्या प्रवासात ह्यांना म्हणाले. ते माझे शब्द मी आठ वर्षांनी इथे लेखी मागे घेते.

त्याने बँक सोडली. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढली, सुरुवातीला महिना ३१ हजार, वरच्या पायरीवर गेल्यावर २०२३ पासून ४२ हजार. आपल्या वेळच्या मानाने ही रक्कम राजेशाही वाटते, पण ती घरी पाठवून पुण्यात राहायचे म्हटले की राजेशाही संपते. पीएच.डी. झाली, वर्षभराचे पोस्टडॉक झाले, चार चांगले पेपर झाले. आता बँकेची वयोमर्यादाही ओलांडत आली आहे.

मी त्याला खोटे सांगितले होते का, याचा आठवडाभर विचार करते आहे. १९९८ साली संगणकी रसायनासाठी कोन आणि पोपल यांना नोबेल मिळाले तेव्हा आपण एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, आणि मी बर्फी वाटली तेव्हा तू ती खाऊन म्हणालीस की चाचणीनळी न धरता नोबेल मिळते हे बरे आहे. मग २०१३ ला कारप्लस, लेविट आणि वॉर्शेल. गेल्या वर्षी बेकर, हसाबिस आणि जंपर. दर खेपेला मला वाटले की आता आपल्या लोकांचे दिवस आले. तुझ्याकडे मात्र 'फॉर्च्यून'च्या ऑक्टोबर १९८१ च्या त्या मुखपृष्ठाची झेरॉक्स होती, मर्क या औषध कंपनीत संगणकावर औषधे घडवण्याची पुढची औद्योगिक क्रांती, आणि माझ्या प्रत्येक चांगल्या बातमीवर ती तू कपाटातून काढायचीस. क्रांती चव्वेचाळीस वर्षे येतेच आहे, हे तुझे म्हणणे. मधल्या काळात एचआयव्हीच्या प्रोटिएझ या विकरावरची औषधे रचना बघूनच घडली, हे माझे. आणि निंबस कंपनीचा तो टीवायके-२ या प्रथिनावरचा रेणू, ज्यासाठी टाकेडा या औषध कंपनीने २०२२ च्या डिसेंबरात चार अब्ज डॉलर आगाऊ कबूल केले, तो श्रोडिंगर या सॉफ्टवेअर कंपनीच्या गणितांशिवाय झाला नसता. हे मी तुला तेव्हाही फोन करून सांगितले होते, आणि तू विचारले होतेस की त्यातले हैदराबादेत किती आले.

तसा कोविडच्या वर्षी तुझा विजय निर्विवाद होता. विषाणूच्या मुख्य प्रोटिएझची रचना फेब्रुवारीत बाहेर पडली आणि जूनपर्यंत हळद, तुळस, गुळवेल, स्वयंपाकघरातले काहीही संगणकावर त्यात बसवून झाले होते. तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनीसुद्धा एक पेपर काढला. बसवलेले सगळेच बसत होते, हीच अडचण होती. प्रत्यक्षात त्या प्रोटिएझवर फायझरचे जे औषध आले, त्याचे मूळ २००३ च्या सार्सच्या वेळी बनवून फडताळात ठेवलेल्या रेणूंत होते. बेंचवरच बनवलेल्या. घे, हेही लेखी देते.

पण शुभदा, गंमत बघ. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या ज्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामच्या नावाने आमच्या जाहिरातीतला शब्द बदलला, त्याच्या मागचा जंपर स्वतः सैद्धान्तिक रसायनात पीएच.डी. झालेला आहे आणि त्याआधी त्याने काही वर्षे प्रथिनांच्या रेण्वीय गतिकीवर, म्हणजे ती कशी हलतात यावर, काम केलेले आहे. हे मी आमच्या प्रमुखाला सांगितले, तर तो मनापासून म्हणाला, "मग तसा माणूस शोधू या ना." तसा माणूस तासाभरापूर्वीच खुर्चीतून उठून गेला होता. अल्फाफोल्डची नवी आवृत्ती औषधाचा रेणूही प्रथिनात बसवून दाखवते, पण तिच्याही चित्रात हायड्रोजन नसतात. प्रोटॉन कोणाच्या अंगावर, हे शेवटी कोणीतरी शेजारपाजार बघूनच ठरवायचे आहे. कारप्लस गेल्या डिसेंबरात वारले तेव्हा आमच्या ऑफिसात त्यांचे नाव फक्त दोघांना ठाऊक होते, त्यातली एक मी.

आपल्या सात जणांचे काय झाले, ते त्या रात्री बोटांवर मोजले. नाना बासेलला, अजून गणिते करतो. बंड्या एका बँकेत, कोणाचे कर्ज बुडेल याचे भाकीत करतो आणि सांगतो की पद्धत तीच आहे, फक्त रेणूपेक्षा माणसे जास्त सरळ वागतात. मृणाल पेटंट कार्यालयात, दुसऱ्यांचे रेणू नवे आहेत का ते तपासते. इनामदार बंगळुरूला सॉफ्टवेअर विकतो, म्हणजे ज्यांची गणिते चुकतात त्यांना फोनवर धीर देतो. देशपांडे गेला. तू कॉलेजात. आणि मी. सातांत दोघेच त्या कामाला टिकले, ज्यासाठी सरांनी आपल्याला सहा-सहा वर्षे राबवले; आणि त्या दोघांतल्या एकीच्या हातून हिस्टिडीन चुकतो.

इथवर आले आहे, तर खरे कारणही लिहिते. तो मुलगा 'हिस्टिडीन चुकला आहे' म्हणाला, तेव्हा माझ्या शेजारी तो एकतीस वर्षांचा प्रमुख बसला होता. त्याला चूक पूर्ण कळली नाही. एवढे मात्र कळले की माझ्या चित्रात काहीतरी आहे, आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी हसून म्हणाले, "छान, उमेदवारांचे लक्ष आहे का हे बघायलाच ते तसे ठेवले आहे." शुभदा, वाक्य तयार होते. विचारसुद्धा करावा लागला नाही.

२००४ मध्येही करावा लागला नव्हता. माझ्या रेणूचा तिसरा कार्बन उलटा काढला आहे, हे तू मला रात्री साडेअकराला वसतिगृहाच्या जिन्यात सांगितलेस, आणि दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत सर "माधुरीने स्वतःची चूक स्वतः शोधली" म्हणाले, तेव्हा मी पायांकडे बघत बसले. तू चार महिने बोलली नाहीस, आणि बोललीस तेव्हा त्याबद्दल नाही. नंतर तू बेंच सोडलेस त्याचा याच्याशी संबंध नाही, असे तू नेहमी म्हणतेस. मी नेहमी मान्य करते.

तर आता असे आहे. प्रकल्पाच्या ग्राहकाला ही चूक कळवणारे पत्र मी लिहिले आहे. चूक जूनमध्ये माझ्या हातून झाली आणि ती मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराने दाखवली, असे त्यात स्पष्ट आहे. प्रमुखाला उद्या सकाळी तोंडाने सांगणार आहे, चित्र मुद्दाम तसे ठेवले नव्हते हेही. नोकरी त्या मुलीला देऊन झाली आहे, आणि तिचा यात काही दोष नाही, त्यामुळे तिथे मागे फिरता येणार नाही. मुलाला मी फोन केला नाही. दोनदा नंबर काढला. काय सांगू त्याला? हॅमिल्टोनियन बदलत नाही, असे?

इनामदाराला त्याच्याबद्दल विचारले आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांना अशी नजर असलेला माणूस लागतो, पगारही बरा असतो. फक्त मग तो स्वतःचा रेणू कधी हाताळणार नाही, दुसऱ्यांचे दुरुस्त करत राहील. नानाकडे पोस्टडॉकचे बघता येईल, पण घरी वडील एकटे आहेत, हे त्याने मुलाखतीत न विचारताच सांगितले. तुझ्या कॉलेजात तासिका तत्त्वावर जागा निघते ती त्याला सुचवू नकोस, निदान जानेवारीपर्यंत तरी. त्याचा फोन तुला येईल. तो मला नाही, तुलाच करील, कारण खरा आकडा तूच सांगितला होतास. तेव्हा त्याला या पत्रातले सांगायचे की मीच सांगेपर्यंत थांबायचे, हे तू ठरव. तुझ्यावर टाकते आहे हे कळते मला.

रेवाच्या बारावीचे काय चालले आहे? फार मागे लागू नकोस तिच्या. नॅकची समिती येऊन गेली का, आणि त्या प्राचार्यांचे गुळवेलीचे पुढे काय झाले? आईंच्या गुडघ्याला आता बरे असेल, असे धरून चालते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी रजा आहे. कोल्हापूरला यायचे म्हणते. सरांच्या वेळची माझी वही अजून जपून ठेवलेली आहे, येताना आणते.

तुझी,
माधुरी

ता. क. नववा रेणू बेंचवर बनायला घेतला आहे, तीन आठवडे लागतील. तो निकामी निघेल यावर तू पैज लावणार, हे मला माहीत आहे. एक किलो कंदी पेढे, आणि या वेळी साताऱ्याचेच.