परदेशात लायसन्सचं नूतनीकरण: नाव ठाऊक नसलेल्यांचे आभार

पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, निवास परवान्यावर ते गायब, लायसन्सवर आडनाव आधी. परदेशी रहिवाशाचा अर्ज अनेकदा इथेच अडतो. तो परत न करता तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहणाऱ्या खिडकीपलीकडच्या ताई, तुमचे मनापासून आभार.

‘आधी निवास परवाना वाढवा, मग लायसन्स’ असं रांगेतल्या नवख्यांना सांगणाऱ्या काकांचेही. पुष्कळ ठिकाणी लायसन्सची मुदत परवान्याच्या तारखेशी बांधलेली असते. क्रम चुकला की थोड्याच दिवसांत पुन्हा फी, पुन्हा रांग.

भाषांतरकारांचे आभार मानावे तेवढे थोडे. तुम्ही लायसन्सची मागची बाजूही उतरवता, शिक्क्यांसकट. ती सुटली तर दुचाकीचा वर्ग नव्या कार्डावरून गळू शकतो, आणि हे घरी गेल्यावर कळतं.

आंतरराष्ट्रीय परवाना म्हणजे मूळ लायसन्सचं भाषांतर, १९४९च्या जिनिव्हा करारानुसार १ वर्षापुरतं, मूळ लायसन्स संपलं की निरुपयोगी, हे न कंटाळता समजावणाऱ्यांचेही आभार. नजर तपासताना ‘चष्मा लावूनच वाचा, घाई नाही’ म्हणणाऱ्यांना विशेष नमस्कार.