बायोलॉजिक औषध सुरू होण्याआधीच्या टीबी तपासणीसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

संधिवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे मिळून आमचा मदत गट चालवतात. र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, सोरायटिक आर्थ्रायटिस अशा आजारांत नेहमीच्या गोळ्यांनी भागत नाही, तेव्हा डॉक्टर बायोलॉजिक इंजेक्शने सुचवतात. ती महाग असतात. घरचे लोक कुठून कुठून पैसे गोळा करतात, आणि त्या ओढाताणीत इंजेक्शनाआधीची क्षयरोगाची तपासणी मागे पडते किंवा अर्धवट राहते. एकाही रुग्णाची ही तपासणी पैशांअभावी राहू नये, म्हणून हा निधी उभारत आहोत.

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयरोगाच्या जंतूंचा संसर्ग झालेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, कारण प्रतिकारशक्तीच्या पेशी त्या जंतूंना गराडा घालून बसलेल्या असतात. हा गराडा घट्ट ठेवायला टीएनएफ नावाचे प्रथिन लागते. सांध्यांची सूज वाढवण्यातही त्याच प्रथिनाचा मोठा हात असतो. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब यांसारखी बायोलॉजिक औषधे त्याला अडवतात. त्यामुळे सांधे मोकळे होतात, पण गराडाही सैल पडतो आणि निपचित पडलेले जंतू जागे होऊ शकतात.

हे प्रत्यक्षात घडलेले आहे. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ४८ जणांना तीन किंवा त्याहून कमी डोस झाले असतानाच आजाराने गाठले होते. निम्म्याहून अधिक जणांत तो फुफ्फुसाबाहेर पसरलेला होता. स्पेनमध्ये २००२ साली उपचाराआधी तपासणी करण्याच्या शिफारशी लागू झाल्या आणि त्यानंतर तिथल्या रुग्णांमधले क्षयरोगाचे प्रमाण ठळकपणे घटले. म्हणजे हे संकट बऱ्याच अंशी टाळता येते, आणि म्हणूनच ते कुणावर निव्वळ पैशांअभावी ओढवावे हे आम्हाला मान्य नाही.

तपासणीत डॉक्टर आधी जुना आजार, घरातल्या कुणाला झालेला टीबी, खोकला, ताप, घटलेले वजन याची चौकशी करतात. मग छातीचा एक्स-रे, आणि जोडीला मॉन्टू किंवा इग्रा चाचणी. मॉन्टू स्वस्त आहे, पण हातावर टोचल्यानंतर ४८ ते ७२ तासांत पुन्हा जाऊन गाठ मोजून घ्यावी लागते. गुडघे सुजलेल्या माणसासाठी ही दुसरी खेप सोपी नसते. सोबत येणाऱ्याचाही दिवस मोडतो. वेळेत जाता आले नाही तर पहिली खेप वाया जाते. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लशीमुळे मॉन्टू कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते, तर स्टेरॉइड चालू असल्यास संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते. इग्राला एकदाच रक्त द्यावे लागते आणि बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही, मात्र तिचा खर्च जास्त असतो. निधीतला मोठा वाटा या चाचणीवर आणि रुग्णांच्या येण्याजाण्यावर खर्च होईल. मूळ विकार कोणता, औषध कोणते, कोणती चाचणी योग्य, हे अर्थातच डॉक्टरच ठरवतील.

सुप्त संसर्ग सापडला म्हणजे बायोलॉजिकचा रस्ता बंद झाला, असे अजिबात नाही. आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिन्याभराने बहुतेकांना इंजेक्शन सुरू करता येते. गोळ्या मात्र औषधानुसार तीन ते नऊ महिने नेटाने घ्याव्या लागतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध चालू असेल तर यकृताच्या रक्तचाचण्यांकडे जास्तच लक्ष द्यावे लागते. त्या चाचण्यांचा खर्चही निधीतून करायचा आहे.

पैशांइतकीच माणसांचीही गरज आहे. ठरलेल्या वेळी रुग्णाला मॉन्टू मोजायला नेऊन आणणारे कुणी हवे. गोळ्या चालू असलेल्यांना आठवड्यातून एकदा फोन करून विचारपूस करणारे हवे. हा कोर्स स्वतः पूर्ण केलेल्यांचा शब्द नव्या रुग्णाला सगळ्यात जास्त धीर देतो, त्यांनी जरूर पुढे यावे. सवलतीत चाचणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळांनाही आमची आग्रहाची विनंती आहे.

इंजेक्शने आधीच चालू असलेल्यांनाही एक सांगणे आहे. रेंगाळणारा ताप, रात्रीचा घाम, मानेत गाठ, घटत चाललेले वजन ही संधिवाताचीच उचल आहे असे घरच्या घरी ठरवू नका. खोकला नसला तरी डॉक्टरांना लगेच दाखवा. तपासणीचा खर्च अडत असेल तर संकोच न करता आम्हाला कळवा.

देणगी कितीही लहान असली तरी चालेल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल. चाचणीची रक्कम थेट प्रयोगशाळेकडे भरली जाईल आणि हिशेब गटाच्या बैठकीत सर्वांसमोर मांडला जाईल. रुग्णांची नावे कुठेही जाहीर होणार नाहीत. देणगी आणि स्वयंसेवकांची नावे गटाच्या पदाधिकाऱ्यांकडे द्यावीत.

आपले,
संधिवात रुग्ण मदत गटाचे कार्यकर्ते