पोकरबंदीनंतरची गोठलेली खाती

ऑनलाइन पोकर या पत्त्यांच्या खेळावरील बंदीचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वाद २०२५च्या केंद्रीय कायद्याने निकालात काढला. पैसे लावून खेळवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हींची त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. (चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोत मात्र तोच डाव परवान्याने चालतो!) पण देशी ॲप बंद पडली म्हणून खेळ थांबत नाही. परदेशी ॲपवर पैसे भरताना अनेकदा दर वेळी वेगळ्याच व्यक्तीचा यूपीआय आयडी येतो. ही इतरांकडून भाड्याने घेतलेली बँक खाती. जिंकलेली रक्कमही तशाच खात्यातून येते आणि ती सायबर फसवणुकीतली निघाली, तर घेणाऱ्याचेही खाते गोठवले जाते. मग निपाणी-खानापूरच्या पोराचा पगार त्यात अडकतो आणि परराज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करता करता तो मेटाकुटीला येतो. जिल्हा पोलिसांनी बँकांच्या शाखांत या धोक्याची सूचना कन्नडबरोबर मराठीतही लावावी. फसवणूक झाल्यास १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने कळवायचे, हेही ठळक अक्षरांत असावे.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)