‘पैठणी काठ’ कोलाज संचाबाबत तक्रार: ४० पट्ट्यांत १० पाने होत नाहीत

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय: आर्ट जर्नलच्या किनारीसाठी विकलेल्या कोलाज संचातील दोष, चुकीचा मजकूर आणि पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

मी पैठणला मुलींचा चित्रकलेचा वर्ग घेते. सध्या आम्ही आर्ट जर्नल, म्हणजे चित्रांची वही, करतो आहोत. पानाच्या मधोमध काय काढायचे ते जिचे तिने ठरवायचे, पण चारी कडांना कोलाजची किनार हवीच, एवढा एकच नियम आहे. त्यासाठी तुमच्या कंपनीचा ‘पैठणी काठ’ हा संच मागवला. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहिले आहे: ‘४० पट्ट्या, १० पाने, ए-५ जर्नलसाठी खास’.

पट्ट्या मोजून ४० आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण ए-५ पान १४८ मिमी रुंद आणि २१० मिमी उंच असते आणि तुमची पट्टी १५० मिमी लांब आहे. आडव्या कडांना ती नीट बसते, उभ्या कडेला ६ सेंमी कमी पडते. दोन्ही उभ्या कडा पुऱ्या करायला दर पानाला पाचवी पट्टी कापावी लागते, म्हणजे ४० पट्ट्यांत आठच पाने होतात. ‘चार बाजू, चार पट्ट्या’ असा हिशेब करून तुम्ही १० चा आकडा छापलेला दिसतो. एकदा पानावर पट्टी ठेवून पाहिली असती तरी ही चूक कळली असती.

दोन पाने कमी भरली एवढ्यासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. खरा घोळ जोडावर आहे. छापलेला मोठा ताव कुठेही कापून पट्ट्या केल्या आहेत, त्यामुळे एक पट्टी पोपटाच्या मानेवर संपते आणि पुढची पानाच्या देठापासून सुरू होते. दोन्ही शेजारी लावल्या की डोके नसलेला पोपट तयार होतो. त्यातून सगळे पोपट एकाच दिशेला तोंड करून आहेत. डाव्या कडेला पट्टी उभी केली की ते चोच वर करून उताणे पडतात, उजव्या कडेला डोके खाली जाते. आरशातल्यासारख्या उलट्या नक्षीच्या काही पट्ट्या संचात हव्या होत्या. कोपऱ्यासाठी तर काहीच दिलेले नाही. तिरका, ४५ अंशांचा काप घेतला तरी नक्षी जुळत नाही, कारण कुठे कापायचे याची खूण पट्टीवर नाही. चार चौकोनी फुले कोपऱ्यांसाठी दिली असती तरी भागले असते. साध्या लग्नपत्रिकेच्या चौकटीतही कोपरा निराळा काढलेला असतो.

आता नावाबद्दल. वर्गातल्या एका मुलीच्या घरी माग आहे. तिने पट्टी हातात घेऊन आधी उलटी केली आणि विचारले, “मॅडम, मागून कोरी कशी?” हातमागावरच्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, म्हणून तिचा हात आपोआप पट्टी उलटण्याकडे गेला. कागदाकडून माझी तशी अपेक्षा नाही. पण ज्याला तुम्ही ‘बांगडी मोर’ म्हटले आहे त्यात बांगडीच नाही, नुसता एक मोर उभा आहे. बांगडी मोरात गोल बांगडीच्या आत मोर असतात आणि ही नक्षी पदरावर विणतात. ‘नारळी’ म्हणून दिलेल्या पट्टीवर टोकदार त्रिकोणांची ओळ हवी, तिथे लाटा छापल्या आहेत. ज्यांनी पैठणी जवळून पाहिलेली नाही अशी मुले हीच नावे खरी धरून चालतील, याचे मला फार वाईट वाटते.

सर्वांत मोठे नुकसान रंगाने केले. पाकिटावर सूचना आहे: ‘कोणताही पांढरा गोंद चालेल, चिकटवल्यावर वरूनही एक हात द्या.’ तसेच केले. लाल पट्टीवर ब्रश फिरवताच रंग सुटला, जरीचा पिवळा गुलाबी झाला आणि ओघळ पानाच्या आतपर्यंत गेला. त्या पानावर एका मुलीने नाथसागरावरचे (जायकवाडी धरणाच्या जलाशयावरचे) रोहित पक्षी काढले होते. ते पान आता कामाचे राहिले नाही. पांढऱ्या गोंदात पाणी असते आणि पाण्यात विरघळणाऱ्या शाईने छापलेला कागद त्याने सुटणारच. मग अशी सूचना छापली कशी? फोनवर ‘गोंद कमी लावा’ असे उत्तर मिळाले. कोरड्या ग्लू स्टिकने रंग सुटत नाही हे खरे, पण तुमचा कागद इतका ताठ आहे की पट्टीची टोके लगेच उचलतात.

वाशी टेप म्हणजे जपानी पद्धतीची कागदी चिकटपट्टी, पण सोबतची ‘वाशी टेप’ कागदाची नाही, प्लॅस्टिकची आहे. हाताने फाडायला गेले की ताणली जाते आणि तिच्यावर पेन चालत नाही.

सध्या मुली दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद हाताने फाडून किनारी करत आहेत. फाडलेल्या कडेला तंतू मोकळे राहतात, त्यामुळे जोड कळून येत नाही. काम थांबलेले नाही, पण मुलींच्या पालकांनी दिलेले पैसे तुमच्याकडे अडकले आहेत.

म्हणून सर्व पाकिटांची पूर्ण रक्कम परत करावी आणि पाकिटे परत नेण्याचा खर्च कंपनीने सोसावा. पानांचा आकडा, गोंदाची सूचना, नक्षींची नावे आणि टेपचे वर्णन विक्रीच्या पानावर व पाकिटावर दुरुस्त करावे. तोवर हा संच विकू नये.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन.

पावतीची प्रत, जोडांची व खराब झालेल्या पानाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. पानाच्या छायाचित्रासाठी त्या मुलीच्या आईची परवानगी घेतली आहे.

आपली विश्वासू,
चित्रकला शिक्षिका,
पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर