पंपाच्या नोंदीत न दिसणारे इन्सुलिन

संपादक महोदय,

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची साखर अचानक ५० मि.ग्रॅ.पर्यंत उतरली, की आधी त्यालाच विचारतात, 'डबा संपवला नाहीस ना? फार धावलास का?' तसे काही घडलेले नसले, तर डोस कमी करून विषय मिटतो. मूल इन्सुलिन पंपावर (नळीतून त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडणाऱ्या छोट्या यंत्रावर) असेल, तर हे पुरेसे नाही. इन्सुलिन ढकलणारा दट्ट्या किती सरकला, एवढेच पंप नोंदवतो. अंगात प्रत्यक्ष किती इन्सुलिन गेले, हे तो मोजत नाही. लहान मुलांत हा फरक जिवावर बेतू शकतो. दिवसाला एकूण ८ युनिट लागणाऱ्या मुलाची साखर एका जादा युनिटने २००हून अधिक मि.ग्रॅ.ने उतरू शकते.

सर्वांत धोक्याची वेळ रिझर्व्हायर (पंपातली इन्सुलिनची कुपी) बदलण्याची. नळी भरताना तिच्यातून १० ते १५ युनिट सहज जातात. ती अंगाला जोडलेली असेल, तर ते सगळे मुलाच्या शरीरात. म्हणून आधी नळी अंगापासून सोडवायची आणि मगच पंपाला हात लावायचा. काही पंपांच्या जोडणीच्या टोपीत हवेसाठी सूक्ष्म छिद्रे असतात. तिथे इन्सुलिन किंवा स्पिरिट सांडले, तर ती बुजतात आणि आतला दाब इन्सुलिन पुढे ढकलतो. टोपी ओली झाली, तर पुसून वापरू नये, नळीचा नवा सेट घ्यावा. रिझर्व्हायर धरून ठेवणारे कडे तुटलेले नाही ना, हेही पाहावे. याच कारणाने मेडट्रॉनिक या पंप कंपनीला २०१९मध्ये मिनिमेड ६०० मालिकेतील पंपांबाबत रिकॉल (सदोष माल परत मागवण्याची सूचना) काढावा लागला होता.

सुट्टीत विमानाने जाणाऱ्या कुटुंबांना हे कोणी फारसे सांगत नाही : उड्डाणानंतर केबिनमधला दाब घटतो, रिझर्व्हायरमधले बुडबुडे फुगतात आणि काठोकाठ भरलेल्या रिझर्व्हायरमधून एखादे युनिट आपोआप बाहेर पडते. निघताना तो अर्धाच भरावा. उड्डाणापूर्वी नळी सोडवावी, विमान वर स्थिरावल्यावर बुडबुडे काढून परत जोडावी. उतरल्यावर पुन्हा सोडवून २ युनिट बाहेर टाकावीत, मगच जोडावी.

घड्याळात एएम-पीएमची चूक झाली, तर दिवसाचे बेसल (पंप सतत थोडे थोडे सोडतो ते इन्सुलिन) रात्री सुरू होते. वारंवार टोचून गाठ आलेल्या जागेवरून कॅन्युला (त्वचेखाली बसवलेली बारीक नळी) ताज्या जागी हलवला, की तोच डोस जास्त लागू पडतो. संध्याकाळच्या खेळाचा परिणाम मध्यरात्रीनंतरही दिसतो. मूल साखर मोजणाऱ्या, अंगावर चिकटवलेल्या सेन्सरवर दाबून झोपले असेल, तर आकडा खोटाच कमी दिसतो, तेव्हा बोट टोचून खात्री करावी.

साखर ७०च्या खाली गेल्यास किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज द्यावे, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मूल शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. नळी सोडवावी, ग्लुकागॉन हे साखर वाढवणारे औषध द्यावे (२५ किलोपर्यंत अर्धा मि.ग्रॅ., पुढे १ मि.ग्रॅ.) आणि रुग्णालय गाठावे.

पालकांना आणखी एक विनंती. अशा घटनेनंतर रिझर्व्हायर फेकू नका. त्यात उरलेले इन्सुलिन सिरिंजने मोजा आणि पंपाच्या पडद्यावरच्या आकड्याशी ताडून पाहा. प्रत्यक्षात बरेच कमी भरले, तर तो पंप बाजूला ठेवा, डॉक्टरांच्या सल्ल्याने इंजेक्शने सुरू करा आणि कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवा.

– मुलांच्या मधुमेहाचे प्रशिक्षक