‘…वीकडे वळा’ : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

पुलाच्या तोंडाशी रस्ता दोन बाजूंना फुटतो, तिथे माझ्या इलेक्ट्रिक गाडीने मला सांगितले, ‘…वीकडे वळा.’ मराठीत ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या दोन्ही शब्दांचे शेपूट एकच. दिशा असते ती सगळी सुरुवातीच्या अक्षरांत, आणि नेमकी तीच गिळली गेली. मी पडद्याकडे पाहिले. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. नजर दोन सेकंद हटली, म्हणजे 28 मीटर रस्ता मी न बघता कापला. मान वर केली तेव्हा पुढच्या स्कूटरचा मागचा दिवा लाल झालेला होता. ब्रेक वेळेवर लागला, कुणाला काही झाले नाही. पण हात बराच वेळ थरथरत होते.

गाडी सेवा केंद्रात नेली. तिथे उभ्या गाडीत, काचा लावून आवाज ऐकवला आणि ‘स्पष्ट येतोय की’ म्हणून परत दिली. फोनमधल्या रस्ता दाखवणाऱ्या ॲपवाल्यांनी फोनकडे बोट दाखवले, फोनवाल्यांनी गाडीकडे. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी मीच गाडीत ठाण मांडून बसले. तीच सूचना फोनच्या स्पीकरवर लावली, स्वच्छ ऐकू आली. गाडीचा रेडिओ लावला, तोही ठणठणीत, म्हणजे गाडीचे स्पीकर फाटलेले नव्हते. फोन केबलने जोडला तर ‘डावीकडे’ अख्खे उमटले. ब्लूटूथवर घेतले की पहिले अक्षर गायब. मग ब्लूटूथवरच अगदी बारीक आवाजात गाणे चालू ठेवले, आणि शब्द पुन्हा पूर्ण झाला!

कारण तिथेच सापडले. काही वाजत नसते तेव्हा फोन आणि गाडी यांच्यामधली आवाजाची वाट बंद असते. सूचना सुरू झाली की ती उघडायला क्षणभर लागतो आणि त्या क्षणात बोललेले अक्षर वाया जाते. सूचनेच्या आधी अर्धा-पाऊण सेकंद नुसती शांतता पाठवली तरी हे टळेल.

दुसरा बिघाड माझ्या वडिलांच्या गाडीत निघाला. त्यांच्या फोनमध्ये दिशादर्शक आवाज ‘कॉल’ म्हणून वाजवण्याचा पर्याय चालू होता. कॉलची जुनी पद्धत सेकंदाला आवाजाचे 8000 नमुने घेते, त्यामुळे त्याच्या निम्म्या, म्हणजे 4000 हर्ट्झच्या (सेकंदाला 4000 कंपनांच्या) वरचा आवाज तिच्यातून जाऊच शकत नाही. ‘स’सारख्या व्यंजनाची ओळख बरीचशी त्याच्या वरच्या पट्टीत असते. वयाप्रमाणे माणसाची श्रवणशक्तीही आधी वरच्याच पट्टीत कमी होते. वडील वर्षभर स्वतःच्या कानांना दोष देत होते, आणि गाडी चालवणे सोडावे का असे मला विचारत होते. पर्याय बंद केला आणि ते पहिल्याच फेरीत म्हणाले, ‘अगं, ही बाई बोलतेय!’ तोवर त्यांना तो पुरुषाचा आवाज वाटत होता.

इंजिन नाही म्हणून इलेक्ट्रिक गाडीत सगळे आपोआप नीट ऐकू येईल, असा समज आहे. कमी वेगात ते खरेही आहे. वेग वाढला की टायरचा आणि वाऱ्याचा आवाज गाडी भरून टाकतो, म्हणून नुसती उभ्या गाडीतली चाचणी पुरत नाही.

या गाड्या बाहेरच्या माणसाला ऐकू याव्यात, याची काळजी नियम करणाऱ्यांनी घेतली आहे. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक 138 हा 2016 सालचा. गाडी ताशी 20 किलोमीटरपर्यंतच्या वेगात आणि मागे घेताना ऐकू येईल इतका आवाज तिने करायचा, असे तो सांगतो. गाडीतल्या हँड्सफ्री कॉलसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.1100 आणि पी.1110 या शिफारशी आहेत. चालकाला आवाजातून माहिती कशी द्यावी, यावर आयएसओ 15006 हे मानकही आहे. पण मानक कागदावर असून चालत नाही. गाडीला मंजुरी देताना कुणीतरी चालत्या गाडीत बसून ते शब्द कानाने ऐकले पाहिजेत.

माझी मागणी तेवढीच आहे. गाडीत जितक्या भाषा दिल्या आहेत, तितक्या भाषांत, महामार्गाच्या वेगाला, ब्लूटूथवर आणि केबलवर ही चाचणी व्हावी, आणि सूचनेचे पहिले अक्षर पोहोचते का ते त्यात तपासले जावे. दिशादर्शक आवाज कमी-जास्त करण्याची सोय वेगळी आणि हाताशी असावी. आज अनेक गाड्यांत तो आवाज बोलत असतानाच वाढवता येतो, म्हणजे ऐन वळणावर बटण शोधायचे. सॉफ्टवेअर अपडेटनंतर चालकाने लावलेली पातळी जागच्या जागी राहावी. माझ्या गाडीत ती दोनदा शून्यावर गेली.

आणि जबाबदारी एका दाराशी असावी. फोन जोडण्याची सोय गाडी विकताना दाखवली जाते, तर तिच्यातून ऐकू न आल्याची तक्रार गाडी बनवणाऱ्यानेच लिहून घ्यावी, आणि ती चालत्या गाडीत तपासावी. दोष पुढे फोनचा निघाला तर त्यांनी फोनवाल्याशी बोलावे. चालकाने तीन दारे का ठोठवायची?

आपल्या अधिकाऱ्यांनी बोलावले तर मी गाडी घेऊन येईन. त्या दिवशीची चार रेकॉर्डिंग सोबत जोडली आहेत : फोनचा स्पीकर, केबल, नुसते ब्लूटूथ, आणि बारीक गाण्यासह ब्लूटूथ. तिसरे आधी ऐकावे, आणि मी कुठे वळायला हवे होते ते मला कळवावे.

आपली,
एक वाहनचालक