बेथेलच्या वह्या वाचवा

प्रति,
मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जालन्यावरचा लेख आवडीने वाचला. 'जालना सोने का पालना' ही म्हण, बियाण्यांचा व्यापार, पोलादाचे कारखाने, सगळे त्यात आले. पण जालन्याजवळ वसलेल्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीचे नावही नव्हते. आमची खेड्यातली मंडळी, म्हणजे चर्चचा सभासद समुदाय, स्वतःला त्याच मुळाची मानते, म्हणून ते मनाला लागले. आणि या मंडळ्यांच्या जुन्या नोंदवह्या वाचवायला हव्यात, म्हणून हे पत्र.

बेथेल वसवले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी नेस्बिट यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहिला होता. प्रकरण कोर्टात गेले, मुलगा घरच्यांच्या ताब्यात दिला गेला, आणि त्याला जातीत परत घ्यावे म्हणून 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. श्रीपतची हकीकत मराठी वाचकाला ठाऊक असते. थोरल्याने पुढे काय केले, ते कुणी सांगत नाही.

थोरला निजामाच्या मुलखात जालन्याला आला. त्याच्याबरोबर उभे राहिले ते मुख्यतः मांग समाजातले लोक. गावकीशी नाते तुटले की या माणसांना पाय टेकायला जागा नसे. हैदराबादचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली आणि तिथे बेथेल उभे राहिले. बेथेल म्हणजे देवाचे घर. उशाला दगड घेऊन उघड्यावर झोपलेल्या बायबलमधल्या याकोबाने त्या जागेला दिलेले नाव. गावकुसाबाहेरच्या लोकांच्या वस्तीला याहून योग्य नाव मला सुचत नाही.

आमची मंडळी प्रेस्बिटेरियन. हा शब्द आता आमच्या तरुणांनाही परका झाला आहे, कारण १९७० पासून आम्ही उत्तर भारतीय चर्चमध्ये सामील आहोत. या पद्धतीत मंडळी आपल्यातूनच कारभारी वडीलधारे निवडते, पाळकासह (धर्मगुरूसह) ते सेशनमध्ये, म्हणजे मंडळीच्या कारभाराच्या बैठकीत, बसतात आणि ठराव वहीत लिहिला जातो. १८४३ मध्येच स्कॉटलंडमध्ये शेकडो पाळक जुने चर्च सोडून बाहेर पडले. जमीनदाराने नेमलेला पाळक गावावर लादायचा की मंडळीने आपला पाळक स्वतः निवडायचा, यावरून तो झगडा होता. नेस्बिट आणि मुंबईचे त्यांचे सहकारी बाहेर पडणाऱ्यांबरोबर गेले. बाहेर पडलेल्यांच्या त्याच फ्री चर्चची रीत नारायणरावांनी मराठवाड्यात आणली. चावडीवर ज्याला बसू देत नसत, त्याने सेशनमध्ये पाळकाशेजारी बसावे आणि त्याचे म्हणणे कागदावर उतरावे, ही त्या काळी केवढी गोष्ट होती!

म्हणूनच मला वह्यांची काळजी वाटते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची रजिस्टरे, सेशनची इतिवृत्ते. मराठवाड्यातल्या दलित कुटुंबांची इतकी जुनी नोंद, नावानिशी, दुसरीकडे क्वचितच मिळेल. माझ्या आजीचे नाव मी अशाच एका रजिस्टरात पाहिले होते, निळ्या शाईत, आईच्या नावासकट. चार वर्षांनी पुन्हा गेलो तर त्या पानांचा वाळवीने भुगा केला होता. कपाट ओल आलेल्या भिंतीला टेकवलेले होते. दोष एकट्या कुणाचा नाही. आम्ही सगळेच रविवारी त्या कपाटासमोरून जात होतो.

आपल्या पत्रामार्फत दोन विनंत्या आहेत. जालना आणि आसपासच्या खेड्यांतल्या मंडळ्यांनी या पावसाळ्याआधी जुन्या वह्या भिंतीपासून दूर हलवाव्यात आणि पानापानाचा फोटो काढून ठेवावा. मोबाइल आता प्रत्येक घरात आहे. आणि विद्यापीठातल्या इतिहासाच्या अभ्यासकांनी एकदा तरी येऊन त्या वाचाव्यात. जुनी मोडी अक्षरे आम्हाला लागत नाहीत. कुणी येणार असेल तर जेवणाची आणि राहण्याची सोय मंडळी आनंदाने करील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, जालना जिल्हा